विकतची रात्र

वहिनी रातपाळी आटोपून सकाळी साडेआठला घरी येते. आंघोळ, चहा, पोराच्या शाळेची लगबग, आणि दहाच्या सुमारास पश्चिमेच्या खोलीत जाऊन पडते. पडते म्हणालो, झोपते म्हणालो नाही. ती खोली सकाळी गार असते, म्हणून झोपायला तीच निवडली. पण तुमसरात एप्रिल लागला की दुपारी एक-दीडपासून ऊन त्याच खिडकीला येऊन चिकटतं, ते दिवस मावळेपर्यंत. काचेला फिकट फुलाफुलांचा पडदा होता. त्याच्यातून ऊन असं यायचं, जसं गाळणीतून चहा.

मागच्या एप्रिलमध्ये वहिनीनं बाजारातून ब्लॅकआउट पडदा आणला. तयार शिवलेला, वर लोखंडी कड्या बसवलेल्या, पाकिटावर '१०० टक्के अंधार' असं छापलेलं. मी नागपूरहून चार दिवसांसाठी आलो होतो आणि बाबा छपरीत खाटेवर बसले होते. त्या पाकिटावरून घरात जो वाद सुरू झाला तो या एप्रिलपर्यंत पुरला. मधल्या खुर्चीवर बसून मी तो ऐकला, दोन-तीनदा पंच झालो. पंच हो, असं मला कोणी म्हटलं नव्हतं. बाबांची झाडीबोली इथं थोडी मवाळ करून लिहितो. वहिनी भंडाऱ्यात शिकलेली, तिचं बोलणं जसंच्या तसं आहे.

"काळा पडदा? घरात?" बाबांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"काळा नाही मामाजी, करडा आहे."

"पण अंधार तर काळाच करते नं तो?"

"त्यासाठीच आणला."

बाबांचा विरोध उगाच नव्हता. माणूस बत्तीस वर्षं चिखल्याच्या मँगनीज खाणीत खाली उतरला. तुमसर तालुक्यात मॉइलच्या दोन मोठ्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची उघड्यावरची, चिखल्याची जमिनीखालची. कंपनी १९६२ ची, तेव्हाचं नाव मँगनीज ओर (इंडिया) लिमिटेड. बाबांच्या पिढीला मात्र ती फक्त 'खाण'. 

"टोपीवरचा दिवा खाली एक मिनिट बंद करून पाहा," ते वहिनीला म्हणाले, "मंग समजते अंधार कशाले म्हणतात. आपला हात आपल्या डोळ्यासमोर धरला तरी तो आहे का नाही, खात्री नाही लागत. तसा अंधार मी पगार घेऊन सोसला बाई. अन् तू पैसे देऊन घरी आणते."

"तुम्ही अंधारात काम केलं मामाजी. मी उजेडात काम करते. रात्रभर वॉर्डात ट्यूबलाइटखाली. मला झोपायला रात्र नको का?"

"आम्ही नाही केली का रातपाळी? सकाळी येऊन दुपट्टा डोळ्यावर घेतला की दुपारपर्यंत गाढ."

वहिनीनं मग शास्त्र काढलं. ते तिचं क्षेत्र आहे आणि बाबांना ते ठाऊक आहे, म्हणून ते शांत बसले. डोळ्याच्या मागच्या पडद्यात (पहा, पडदा इथंही आलाच) काही पेशी अशा असतात, की त्या पाहायच्या कामी येत नाहीत; दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूला कळवतात. रात्र असल्याचा निरोप गेला की मेलॅटोनिन पाझरतं आणि अंग झोपेला लागतं. उजेड पापणीतूनही आत जातो. शरीरातलं हे घड्याळ पेशीपेशीत कसं चालतं, ते उलगडल्याबद्दल २०१७ चं नोबेल तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळालं: हॉल, रॉसबॅश आणि यंग. "माझं घड्याळ महिन्यातून पंधरा दिवस उलटं चालते मामाजी. त्याला थोडं तरी फसवू द्या."

बाबा काही बोलणार, तेवढ्यात आतून आई आली. ती तांदूळ निवडत होती, सूप हातातच होतं.

"दुपट्ट्यानं झोपत होते म्हणे!" ती म्हणाली. "तुम्ही डोळे मिटले की मी उठून खिडकीले माहं काळं लुगडं चार पदरी करून बांधत होती. कवाडाच्या फटीत पोतं कोंबत होती. अन् हे दोघं पोट्टे गल्लीत ओरडले की यायले घेऊन मामाच्या घरी बसत होती तीन वाजेपर्यंत. तुम्ही उठायच्या आधी लुगडं सोडून घडी करून ठेवत होती."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं काहून नाही?"

सूप घेऊन ती आत गेली. मामाच्या घरी जबरदस्तीनं काढलेल्या त्या दुपारी मला लख्ख आठवतात. त्यांचा संबंध खिडकीशी होता, हे मात्र मलाही चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

*

इथं वाद संपायला हवा होता. पण पडदा लावला आणि वहिनी दुसऱ्याच दिवशी डोळे चोळत बाहेर आली. खोलीत अंधार होता, पण कडेनं चारी बाजूंनी उजेडाच्या पट्ट्या मारल्या होत्या. अंधाराला जणू चौकट घातली.

चूक मापाची होती, आणि ती सगळेच करतात. आपल्याकडं तयार पडदे ठरलेल्या उंचीत येतात: खिडकीला ५ फूट, दाराला ७ आणि उंच दाराला ९. रुंदी बहुतेक ४ फुटांची. आमची खिडकी ४ फूट रुंद, म्हणून वहिनीनं एकच पडदा आणला. तो ताणून लावला तर चादरीसारखा सपाट. जरा चुण्या पडू दिल्या तर दोन्हीकडं वीत-वीतभर खिडकी उघडी. खरं तर गज खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त हवा आणि कापड गजाच्या सुमारे दीडपट ते दुप्पट. म्हणजे ४ फुटांच्या खिडकीला साडेपाच फुटांचा गज आणि असे दोन पडदे. शिवाय गज चौकटीच्या डोक्यावर वीतभर उंच. कड्यांचा पडदा गजाच्या वर थोडा डोकावतो पण भिंतीपासून दूर राहतो, त्यामुळं वरून उजेडाचा धबधबा होतो. जुने सुतार यासाठी गजावर लाकडी पेटी ठोकायचे. ती पेटी नुसती शोभेची नसायची, हे आता उमगतं. पेटी नको असेल तर दोन्ही टोकांना भिंतीकडं वळलेला गज मिळतो, पडद्याची कड त्यावरून थेट भिंतीला टेकते.

बाबांना हे ऐकून आनंद झाला. "म्हणजे शंभर टक्के कापड असते, खोली नाही."

हे वाक्य मी मनात लिहून ठेवलं. पाकिटावर छापायला हवं.

दुसरा पडदा आला, गज बदलला. अंधार पडला. वहिनी तीन वाजेपर्यंत झोपली आणि घामानं चिंब होऊन उठली.

"पाहा," बाबा म्हणाले. त्यांना बहुतेक याचीच वाट होती. "रात्र आणली, पण रात्रीचा गारवा दुकानदारानं ठेवून घेतला."

"पाकिटावर लिहिलं आहे, उष्णता रोखतो."

"काचेच्या आत आलेलं ऊन पाहुणा नाही राहत बाई, तो जावई राहते. मुक्कामच करते. त्याले अंगणातच अडवा लागते."

पंच म्हणून इथं मला तोंड उघडावं लागलं, कारण बाबा म्हणत होते ते भौतिकशास्त्र होतं. ऊन काचेतून सरळ आत येतं आणि पडद्यावर पडतं. पडदा तापतो. तापलेल्या पडद्यातून निघते ती वेगळ्या जातीची उष्णता, काच तिला बाहेर जाऊ देत नाही. मग काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापून वर चढते आणि गजाच्या वरच्या फटीतून खोलीत उतरते. खालून गार हवा तिची जागा घेते. खिडकीला छोटी चूल लावल्यासारखंच ते. पडद्याची पाठ पांढरी किंवा चकचकीत असेल, तर बरंचसं ऊन काचेतून आल्या वाटेनं परत जातं. गडद पाठीचा पडदा ते गिळून बसतो.

वहिनीनं मोबाइल काढला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची माहिती होती: मध्यम रंगाचा आणि पाठीला पांढरं प्लास्टिक असलेला पडदा खिडकीतून येणारी उष्णता ३३ टक्क्यांनी कमी करू शकतो. "मामाजी, एक तृतीयांश. कमी नाही."

मी तिच्याच हातातून मोबाइल घेऊन थोडं खाली वाचलं. खिडकीवर बाहेरून सावली धरली, तर दक्षिणेच्या खिडकीत ६५ टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेच्या खिडकीत ७७ टक्क्यांपर्यंत उष्णता कमी होते.

"बाहेरून सावली म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"कापडी छत. खिडकीवर पुढं झुकलेलं."

"म्हणजे मांडव." ते उठलेच. "अमेरिकेले आता समजलं."

अमेरिकेला कधी समजलं ते राहू द्या. पण सांदवाडीत, म्हणजे परसात, पश्चिमेच्या बाजूला त्यांनी संध्याकाळपर्यंत चार बांबू रोवले, वर आडवे टाकले, त्यावर जांभळाच्या डहाळ्या. पानं वाळली की दर आठवड्याला नव्या. आमच्याकडं उन्हाळ्याच्या तोंडावर दारापुढं मांडव पडतो तो केवळ लग्नासाठी नसतो; लग्नं उन्हाळ्यात असतात म्हणून तो सोयीचाही होतो. आणि जुन्या घरात कवेलूचं छत होतं, मातीची हातभर जाड भिंत होती, खिडकी होती ती ताटाएवढी. उन्हाला आत शिरायला जागाच नव्हती. मोठ्या काचेची खिडकी आणि वर स्लॅब, ही आपण हौसेनं आणलेली अडचण; तिला उपाय म्हणून पडदा. हे माझं मत आहे. वहिनीला ते पटत नाही. "मातीचं घर दरवर्षी लिपायचं कोणी? बायांनीच ना?" असं ती विचारते, आणि मग मी गप्प बसतो.

मांडव पडल्यावर खोलीची धग उतरली. किती अंशांनी ते मोजलं नाही, पण वहिनी कोरडी उठली. अंधार पडद्याचा, सावली डहाळ्यांची. दोघंही जिंकले म्हणावं, तर तसंही नव्हतं; कारण कूलर.

*

विदर्भातल्या उन्हाळ्यावर कूलर सोडून काही लिहिणं म्हणजे धानाच्या बांधीत उभं राहून पाण्याचं नाव न घेणं. कूलर ओली हवा आत ढकलतो; ती बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत चिकचिक होते आणि गारवा संपतो. वहिनीला अंधारासाठी सगळं बंद हवं, कूलरला काहीतरी उघडं हवं. पडदा कूलरच्या खिडकीवर ओढला तर तो जाळीला चिकटतो, पाण्याच्या तुषारांनी भिजतो आणि वाळला की खालच्या वीतभर भागावर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार उमटतात. शेवटी कूलर मधल्या खोलीत गेला, वहिनीच्या खोलीचं दार अर्धं उघडं आणि त्या दारावर साधा सुती पडदा. खिडकीच्या वरच्या झरोक्यातून हवा बाहेर. झरोक्याचा उजेड छताला लागतो, डोळ्यांत येत नाही. ही मांडणी आईची. तिनं वादात एकूण तीनदा भाग घेतला आणि तीनही वेळा तिचंच झालं.

बाबांनी मात्र एक नियम घालून दिला: दिवस मावळला की पडदा आणि खिडकी दोन्ही सताड उघडी, म्हणजे भिंतींनी दिवसभर साठवलेली धग रात्री निघून जाईल, आणि सकाळी वहिनी आली की बंद. ऊन पोचल्यावर पडदा ओढणं म्हणजे चोर पळाल्यावर कडी लावणं. या नियमाचं दुसरं कारण नातू होता. सुट्यांत वहिनी रातपाळीवर गेली की तो त्या खोलीत झोपायचा, पडदा ओढून. साडेनऊपर्यंत उठायचा नाही.

"ज्याले रात्री झोपायचं आहे, त्याले सकाळचा उजेड लागते," बाबा म्हणाले. "तुहंच ते घड्याळ. त्याले फसवायचं कामच काय?"

वहिनीनं हे एका झटक्यात मान्य केलं. तिच्याच शास्त्राचा तो दुसरा भाग होता. तेव्हापासून घरात ब्लॅकआउट त्या एकाच खोलीत आहे. हल्ली नव्या घरांत सगळ्या खोल्यांना, अगदी बैठकीलासुद्धा, तोच जाड पडदा लावतात आणि मग भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट जळत असते. मला ते पाहवत नाही.

बाबांचं एक म्हणणं मात्र वहिनीनं शेवटपर्यंत मानलं नाही. मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे, कोशाचं. तिथल्या मागावरचं कापड सोडून पॉलिस्टर काहून, असा त्यांचा सवाल. "कोशाच्या कापडातून ऊन मधासारखं येते," ते म्हणाले. येतंही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्याचा तो धागा, त्याचा मूळ रंगच मधाचा.

"पण येते ना मामाजी, ऊन? मला नकोच आहे ते. आणि रेशमाला थेट ऊन सोसत नाही, दोन-तीन उन्हाळ्यांत धागा कुजून फाटतो. ते अंगावर घ्यायचं, नाही तर बैठकीत उत्तरेच्या खिडकीला. मागून सुती अस्तर लावून."

"मंग लाव उत्तरेच्या खिडकीले."

"भाव माहीत आहे?"

बाबांना भाव माहीत होता. तो विषय तिथंच राहिला.

*

दिवाळीच्या साफसफाईत पडदे उतरले. वहिनी ड्यूटीवर होती. आईनं सोड्याच्या पाण्यात भिजवले, दगडावर ठेवून मोगरीनं बडवले, दोघींनी पिळावं तसं बाबांना टोक धरायला लावून पिळले आणि स्लॅबवर कडक उन्हात वाळत घातले. गरम-गरमच घडी केली. हिवाळ्यात पातळ पडदे बरे म्हणून जाड पडदे ट्रंकेत गेले, वर दोन रजया.

मार्चमध्ये ट्रंक उघडली तेव्हा घडी उलगडेना. उलगडली तेव्हा पापड सोलल्यासारखा आवाज आला.

तो पडदा लेपाचा होता. म्हणजे साधं कापड आणि त्याच्या पाठीवर रबरासारखा थर: आधी पांढरा, मग काळा, मग पुन्हा पांढरा. अंधार करतो तो मधला काळा थर. कापड काहीच करत नाही, ते फक्त थराला धरून ठेवतं. असा पडदा बडवायचा नसतो, पिळायचा नसतो, ब्लीच आणि सोडा लावायचा नसतो. थंड पाण्यात सौम्य पावडर, हातानं हळू दाबून, नाहीतर नुसतं ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. सावलीत लांबच लांब टांगून पाणी निथळू द्यायचं. इस्त्री लागलीच तर कमी तापाची आणि फक्त कापडाच्या बाजूनं. आणि ठेवायचा तर घडी न घालता, जुन्या चादरीवर टाकून सैल गुंडाळी. दोन थर एकमेकांना दाबून गरमीत राहिले की चिकटतात. धुण्याचं हे सगळं पडद्याच्या कडेला शिवलेल्या बोटभर पट्टीवर चित्रांत काढलेलं होतं. बादलीत हात, इस्त्रीत एक ठिपका, पिळलेल्या कापडावर फुली. ती पट्टी आईनं 'टोचते' म्हणून पहिल्याच दिवशी कापून टाकली होती.

"मले कोन सांगितलं?" आई म्हणाली. वहिनीनं ते ऐकून घेतलं आणि काहीही म्हणाली नाही. घरात दोन नोकऱ्या आणि एक ट्रंक असली की असं होतंच.

नवा येईपर्यंत तोच पडदा पुन्हा टांगला. मांडव अजून पडायचा होता. दिवस कलल्यावर वहिनीनं हाक मारली म्हणून आम्ही आत गेलो. समोरच्या भिंतीवर रुपयाएवढ्या उजेडाच्या पंधरा-वीस चकत्या होत्या. सोललेल्या थरात जिथं जिथं छिद्र पडलं होतं, तिथून एकेक.

"झोपू कशी? नक्षत्रांत झोपल्यासारखं वाटते."

बाबा भिंतीजवळ गेले, मग पडद्याजवळ, परत भिंतीजवळ. छिद्रावर बोट ठेवलं, एक चकती विझली. बोट काढलं, पेटली. "भोक तर फाटलेलं आहे, वाकडंतिकडं," ते म्हणाले. "मंग भिंतीवर सगळे गोल काहून?"

मी सांगितलं की तो छिद्राचा आकार नाही, तो सूर्य आहे. एकेक चकती म्हणजे सूर्याचं एकेक चित्र. ग्रहणाच्या दिवशी या सगळ्या चकत्या एकदम कोर होतात. बत्तीस वर्षं जमिनीखाली काढलेला माणूस त्या वीस सूर्यांपुढं बराच वेळ उभा राहिला.

"मामाजी," वहिनी म्हणाली, "मला आज रात्री ड्यूटी आहे."

*

दुसऱ्यांदा पडदे घ्यायला बाबा स्वतः दुकानात गेले. सोबत वहिनी, मी आणि त्यांचा जुना दोन सेलांचा टॉर्च. दुकानदारानं दोन जातीचे पडदे पुढं टाकले. एक तोच लेपाचा. दुसरा लेपाशिवाय, विणीचा: दोन्हीकडून रंगीत धागा आणि मधे काळ्या धाग्याचा पदर, तिन्ही एकत्र विणलेले. हा मऊ पडतो, चुण्या चांगल्या घेतो, यंत्रात थंड पाण्यावर धुतला तरी बिघडत नाही, आणि सोलून निघायला त्यात काही नसतंच. फक्त अंधार पूर्ण करत नाही. गडद रंग घेतला तर जवळजवळ, फिका घेतला तर संध्याकाळ झाल्याइतपत.

"शंभर टक्के आहे, काका," दुकानदार म्हणाला.

"पाहू." बाबांनी पडद्याच्या मागं टॉर्च टेकवला आणि बटण दाबलं. फिक्या बदामी पडद्यातून उजेडाचा पिवळट डाग उमटला. गडद निळ्यातून धाग्या-धाग्यांमधून सुईच्या टोकाएवढे ठिपके, तेही डोळा जवळ नेला तरच. लेपाच्या पडद्यातून काहीच नाही. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा होता.

"या टॉर्चच्या सेलात काळी भुकटी राहते, माहीत आहे?" बाबांनी त्याला विचारलं. "ते मँगनीज. सेलाच्या कारखान्याले आपल्या डोंगरी बुजुर्गचा माल जाते." दुकानदाराला माहीत नव्हतं. तुमसरात दुकान असून.

मग बाबांनी पडद्याची घडी नाकाशी नेली. नव्या लेपाचा वास पहिले काही दिवस येतो. बंद खोलीत, कूलरशिवाय, डोकं धरतं. वहिनीनं शिवण पाहिली: खालची दुमड किती, आत धागा मोकळा आहे का, कडीभोवतीचं कापड दुहेरी आहे का, कारण वजनदार पडदा तिथूनच फाटतो. गजाचंही विचारलं. दोन जाड पडदे मिळून चांगले वजनदार होतात, स्लॅबच्या घरात भिंतीला खिळा नव्हे, फिशर आणि स्क्रूच हवा.

"मामाजी, कोणता?"

मला वाटलं ते लेपाचा म्हणतील. अंधाराच्या परीक्षेत तोच पहिला आला होता. "निळा," ते म्हणाले. "धुणारी कोन आहे, तेबी पाहा लागते."

निळे दोन पडदे आले. खोलीत आता खाणीसारखा काळोख होत नाही. पहाटे चारच्या सुमाराचा होतो, आणि वहिनीला तेवढा पुरतो. आठवड्यातून एकदा ती कोरड्या फडक्यानं वरून खाली झटकते, कारण राइस मिलच्या बाजूनं वारा आला की भुश्याची बारीक धूळ चुण्यांत बसते. पावसाळ्यात पडदा आणि भिंत यांच्यामधे दमट राहून बुरशीचे ठिपके येतात, म्हणून जुलैपासून दिवसातून तासभर तरी पडदा गोळा करून खिडकी उघडी ठेवायची, हे तिनं आताच कॅलेंडरवर लिहून टाकलं आहे. धुण्याच्या सूचनांची पट्टी या वेळी आईनं कापू दिली नाही. वाचता येत नाही म्हणाली, पण चित्रं कळतात.

जुना पडदा भांडी झाकायला जाणार होता. बाबांनी तो मागून घेतला.

"तुम्हाला कशाला? तुम्ही तर रात्री झोपता," वहिनी म्हणाली.

"असू दे."

परवा दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो तर आत मिट्ट काळोख. त्यांच्या खिडकीसमोर गल्ली आहे, बारा-साडेबाराला ती उन्हानं पांढरी झालेली असते. पडद्याच्या सगळ्या छिद्रांवर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली होती. एक सोडून. ज्वारीच्या दाण्याएवढं. आणि पांढऱ्या भिंतीवर आमची गल्ली उतरली होती, डोकं खाली, पाय वर. समोरच्यांचा कडुनिंब छताकडून खाली वाढलेला, त्याच्या सावलीत एक शेळी आकाशाला पाय लावून उभी.

बाबा खाटेवर उताणे पडून पाहत होते. "बस," ते हळूच म्हणाले, "आता पोस्टमनची येळ आहे. तो सायकल छतावरून चालवत येते."